‘वाढव’ म्हणायचं राहिलं

ओरुरो शहराच्या ओळखपत्र कचेरीत दोन तास झाले, रांग हलली नव्हती. संगणक बंद, बाराला खिडकीही बंद होणार आणि संध्याकाळी चौऱ्याहत्तर वर्षांच्या दोन्या एउलोगियाचं, म्हणजे एउलोगियाबाईंचं, तिसरं लग्न. कार्डाशिवाय ते लागणार नव्हतं. तिच्या मागे दोन तंत्रज्ञ भांडत होते, एक चष्मेवाला आणि दुसरा फ्रेडी.

“आमच्या कंपनीचा, संगणक एकमेकांना जोडणारा स्विच हुकूम दिला की लगेच पाळतो, फ्रेडी.”

“आमचा आधी नुसतं लिहून घेतो. लागू केल्यावर दहा मिनिटांत ‘ठीक आहे’ म्हटलं नाही, तर आपणहून जुनं परत लावतो.”

“इतका भित्रा स्विच हवाय कोणाला?”

“ज्याला घरबसल्या कचेरी बंद पाडायची नाही त्याला. सकाळी काय लिहिलंस?”

“जोडण्यांच्या यादीत एक नवी दिली. ‘वाढव’ म्हणायचं राहिलं.”

“मग?”

“त्यानं तेवढीच ठेवली. बाकीच्या पुसल्या, माझी आत शिरायची वाटसुद्धा. आता स्विचपाशी जाऊनच नीट करायला हवं, तर पहारेकरी म्हणतो, नंबर घ्या.”

“कितवा मिळाला?”

“एकशे बारा.”

“आणि आत कितवा चाललाय?”

“नऊ.”

दोन्या एउलोगियानं चष्मेवाल्याचं मनगट धरलं आणि त्याला थेट दारापाशी, पहारेकऱ्यासमोर नेलं.

“म्हाताऱ्यांना आत बसायला सोडता ना, सोबत एकाला घेऊन? हा माझा नातू.”

“नाव काय नातवाचं, आजी?”

“बाबा, नावं आठवत असती, तर ओळखपत्राच्या रांगेत कशाला आले असते?”