बिनखड्ड्याचा हिरा

...आता तुमीच सांगा राव, मी कारखान्यात झाडू मारनारा मानूस, साहेबांच्या टेबलावर कागदाची पुडी, आत राखंसारखी भुकटी, तिला कचरा न्हाई म्हनायचं तर काय म्हनायचं? उचलली, चहाच्या चोथ्यात टाकली, आन् रोजच्यावानी नेऊन मेथीच्या वाफ्यात ओतली. वाफा तरी केवढा... भोसरीत कारखाने आले तवा आमचं सगळं रान गेलं, शेडमागं दोन बाजा मावतील एवढा तुकडा उरला, तितं आमची कारभारीन सरूबाई मेथी लावती. तिचा सगळा जीव त्यात.

सकाळी पेंडसे साहेब आले ते कपाळाला हात लावून. "बाबा, पुडी कुठंय? हिरा होता तो." म्हनलं, हिरा असा आसतोय व्हय? तर निवांत समजावत्यात, "हा यंत्रात बनवलेला, हत्यारं घासायला. खाणीतल्या हिऱ्यापायी डोंगर फोडतात, नद्या गढूळ करतात. ह्याला काही खणावं लागत नाही." तुमाला सांगतो, बरं वाटलं ऐकून. आमचं रान गेलं, पन कुनाचा तरी डोंगर वाचला.

मी वाफ्याकडं बोट दावलं, आन् मग म्हनले, "फावडं आणा."

चार कामगार मशिनी सोडून वाफ्यात उतरले. मेथी उपटली, वीतभर खनलं, पुडी घावली... रिकामी. मला वाटलं, सुटलो. कसलं काय, "भुकटी खाली उतरली असणार, अजून खणा." हातभर खनलं. ह्याला काही खणावं लागत नाही, बरं का. मग माती चाळली, धुतली, गढूळ पानी वढ्यात सोडलं. सरूबाई पदर खोचून आली, "ओ साहेब, घावला तर माज्या नाकात तरी बसवा, मेथी तर गेलीच." साहेब म्हनले, "मावशी, हा नाकात घालायचा नाही." "मग कशापायी माज्या वाफ्यावर उठलाय?"

सांजपातुर चिमूटभर कायतरी निगालं, ते पन हिरा का वाळू, कुनालाच सांगता येईना. ह्याला काही खणावं लागत नाही... साहेब दमून खड्ड्याच्या काठाला बसले. मी पान्याचा तांब्या दिला आन् सहज इचारलं, साहेब, मग ह्यो बनतोय कशावर?

"दाब लागतो, आच लागते. वीज लागते बाबा, भरपूर."

आन् वीज?

"कोळशावर."

आन् कोळसा?

साहेबांनी तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवीनातच. म्हनलं, पिऊ द्या. कुटंतरी खड्डा पडायचाच, ह्या बारीला आमच्या दारात पडला.