गुडघ्यातलं लोखंड

...पाव किलो हो, पाव किलो! भाजीवाली एवढं तर हसत हसत वर टाकते, आणि आमच्या फौजेत तेवढ्यावर माणसाला घरी बसवतात. तुम्हाला सांगतो, दरवर्षी ती मोजणी असते ना, उंचीच्या हिशोबात वजन बसलं तर बढती, नाही बसलं तर ट्रंक भरा, क्वार्टर सोडा, आणि आमच्या पोरीचं नेमकं दहावीचं वर्ष! म्हणून बायकोने महिनाभर उकडलेल्या पाल्यावर ठेवलं. "अहो, पोरीकडे बघा आणि गिळा." गिळलं. मोजणीच्या सकाळी डोकं भादरलं, मिशी उतरवली... वीस वर्षांची मिशी, तुम्हाला सांगतो, पोरगी दारातच रडायला लागली.

तर काट्यावर उभा राहिलो, नुसत्या चड्डीवर, श्वाससुद्धा सोडून, म्हणजे हवेचं वजन नको! आणि तो डॉक्टर, ज्याला पोटामुळे स्वतःची पावलं दिसत नाहीत, तो नाकातून म्हणतो, "पाव किलो जाऽस्त." म्हटलं, डॉक्टरसाहेब, डाव्या गुडघ्यात लोखंडाची पट्टी आहे, स्क्रू आहेत, तेवढं वजा करा की. तर म्हणतो, "अंगात आहे ते तुमचंच."

आता गुडघ्यात लोखंड काय मी हौसेनं घालून घेतलं? अहो, डोंगरावर आमच्या साहेबांच्या पायाला गोळी लागली, त्यांना पाठुंगळी घेऊन मीच खाली आणलं, चांगले नव्वद किलोचे साहेब, तेव्हा नाही कुणी काटा आणला! उतारावर माझा गुडघा गेला. साहेब बरे झाले, मला कोठारात खुर्ची मिळाली, आणि दिवसभर खुर्चीत बसून माणूस सुटणार नाही तर काय होणार?

गेलो साहेबांकडेच. शेवटची सही त्यांची ना! साहेब गहिवरले हो, चहा पाजला, स्वतःच्या हाताने बिस्किट दिलं... आणि घसा खाकरून म्हणाले, "हवालदार, तुमचे उपकार जन्मात विसरणार नाही. पण पाव किलो म्हणजे पाव किलो." आणि केली सही. मला घरी पाठवायची.

मग काय, कोठारात सामान जमा करायला गेलो. त्यांनी पट्टा काढून घेतला, बूट घेतले, चहाचा मगसुद्धा घेतला. चिडून म्हटलं, गुडघ्यात पण तुमचं सामान आहे बाबा, ते राहिलं! तर माझ्याच खुर्चीत बसलेला तो नवा कारकून गंभीर होऊन म्हणतो, "हो, ती पट्टी सरकारी आहे. असू द्या, जिवंत आहात तोवर वापरा. मग घरच्यांना जमा करायला सांगा."

पोरीला सांगून ठेवलंय... जमा करशील तेव्हा आधी वजन करून घे बाई, पाव किलोला कमी भरलं तर हे लोक तुला सोडायचे नाहीत.