मोजणीच्या दिवसाचं पाणी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या सोसायटीचे चेअरमन आबाराव, व्यासपीठावर बसलेले तालुक्याचे साहेब लोक, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते विरुपाक्ष अप्पा मोजणीदार, त्यांच्या जागी आलेले माळगे साहेब, शिवाराशिवारातनं आलेले शेतकरी बंधू, आणि भिंतीकडेला दाटीनं बसलेल्या माझ्या बायाबहिणींनो, सगळ्यांना माझा जय भीम आणि नमस्कार.

भाषणाच्या यादीत माझं नाव नव्हतं. मला साडीचोळीसाठी बोलावलं होतं, अप्पांच्या हाताखाली मोजणीची साखळी ओढणाऱ्या गुलाबची बायको म्हणून. साडी घेतली. सोसायटीचे आभार. खरं म्हणजे आता मी खाली उतरायला पाहिजे होतं. पण माळगे साहेबांनी मघाशी एक शब्द दिला आणि तो ऐकून माझा पाय उचलेना. थोडा वेळ मागते. आबाराव घड्याळाकडं बघतायत, बघू द्या.

मी शाळेत गेलेली बाई नाही. किराणाच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत माझी मीच शिकले. आता हाताला लागेल ते वाचते. टेबलावरचं मानपत्रही वाचलं. त्यात लिहिलंय की मोजणीच्या दिवशी अप्पांनी वादातल्या कोणत्याही पक्षाच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. खोटं नाही ते. मग माळगे साहेब उठले आणि म्हणाले, "अप्पांचा नेम मी मोडणार नाही, माझी माणसंही मोडणार नाहीत." तेव्हा टाळ्या जास्त झाल्या. मी मात्र वाजवल्या नाहीत.

साहेब, तुमची माणसं म्हणजे कोण? साखळी ओढायला तुमच्याकडं माझा धाकटा दीर आहे, दगडोबा. तो बघा दाराशी उभा आहे. तहान त्याची आणि शब्द तुम्ही दिलात. म्हणून सांगते, हा नेम कुठनं आला आणि कुठं जाऊन पोचला.

मोजणीचं काम मी घरातनं बघितलंय. पावसाळाभर अप्पा कचेरीत नकाशे काढायचे. आमचे हे अंगणात साखळीला तेल लावायचे, वाकलेल्या कड्या ठोकून सरळ करायचे. सुगी झाली, रानं मोकळी पडली की दोघं निघायचे, ते मिरगापर्यंत. साखळीच्या मागच्या टोकाला अप्पा, पुढच्या टोकाला हे. साखळीला वळसा चालत नाही. बाभळ आडवी आली तर माणसानं बाभळीतनं जायचं. आणि रानात पीक नसतं तेव्हाच मोजायचं, म्हणजे भर उन्हाळ्यातच. तेव्हा पाणीही नसतं, पण त्याचा विचार कोण करतंय?

दोघांच्या कामाचं पहिलंच साल होतं. एका गावात पाटलांनी अप्पांसाठी घासूनपुसून लख्ख केलेला तांब्या आणवला. आणि ह्यांना म्हणाले, "तू तिकडं खाली बस रे, ओंजळ कर." गडी वरनं ओतणार. हे बसतच होते, सवयच होती. अप्पांनी तोंडाजवळ नेलेला तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "राहू द्या, पाटील. मोजणीच्या दिवशी आम्ही दोघंही पक्षाचं पाणी घेत नाही. आमचा नेम आहे."

पाटील म्हणाले, "असला नेम कधी ऐकला न्हाय बा."

अप्पा म्हणाले, "आता ऐकलात."

घरी येऊन हे पोट धरून हसले. म्हणाले, "चांगुणा, म्या बी आजच ऐकला गं!"

तर असा हा नेम. तुम्ही त्याला इमानदारी म्हणालात. अप्पा इमानदार होतेच, त्यासाठी त्यांना नेमाची गरज नव्हती. नेम ह्यांच्या ओंजळीसाठी होता. अप्पांनी पाटलांना तोंडावर का नाही सुनावलं, असं मला पुष्कळदा वाटलं. सुनावलं असतं तर काय झालं असतं? मोजणी बंद पडली असती, अप्पांची बदली झाली असती, आणि पुढच्या मोजणीदाराबरोबर हे पुन्हा ओंजळ करून बसले असते. अप्पांना जमलं ते त्यांनी केलं. दुसऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून स्वतः तहानलेले राहिले. हे मी विसरलेली नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. निम्मी माणसं खडी फोडायला गेली होती, जनावरं छावणीत. एका गावात दोन शेजाऱ्यांच्या बांधावर विहीर होती. त्या शिवारात तेवढ्याच विहिरीच्या तळाशी पाणी उरलेलं. एरवी दोघंही भरायचे, कुणी कुणाला विचारत नव्हतं. आता विहीर कुणाच्या हद्दीत ते मोजून पाहिजे होतं. गावाचं नाव घेत नाही. त्या गावची माणसं इथं आली आहेत, आणि आत्ता ती माझ्याकडं बघत नाहीत.

अप्पा आणि हे आपलं पाणी छागलीत घालून न्यायचे. त्या दिवशी टँकर आला नव्हता, छागल अर्धीच होती. दुपार व्हायच्या आत संपली. एका बाजूला कोंडीराम म्हणून शेतकरी होता, त्याची आई कडूबाई बांधावर बसलेली. ती उठली, तांब्या भरून आणला आणि ह्यांच्या हातात दिला. बाया, नीट ऐका. हातात दिला. म्हणाली, "घे लेकरा, व्हट फुटलेत तुजे."

पलीकडच्या बाजूनं आवाज आला, "पाज, पाज म्हातारे! पाणी पाजून हद्दीचा दगड सरकीव आमच्याकडं!" लोक हसले.

ह्यांनी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी नकाशाच्या फळीवरनं मान वर केली आणि म्हणाले, "गुलाब, नेम."

ह्यांनी तांब्या परत दिला. "मोजणी झाल्यावर पितो, माय," म्हणाले.

पुढची साखळी टाकली. मधे उतार होता, अप्पांना पुढचं टोक दिसत नव्हतं. त्यांनी "ताण!" म्हणून हाक दिली. साखळी सैलच. त्यांना वाटलं, कडी झुडपात अडकली. त्यांनी ओढली. परत ओढली. कडी ह्यांच्या मुठीत होती, अंगात जीव नव्हता.

हे मला कुणी रंगवून सांगितलेलं नाही. अप्पांनीच ह्यांना बैलगाडीतनं घरी आणलं. उंबऱ्यात बसले आणि म्हणाले, "चांगुणाबाई, पाणी हातात आलं होतं. मीच नको म्हणालो." त्यानंतर दर साली मिरगाच्या तोंडावर अप्पा येतात, माझ्या हातचं पाणी मागून पितात, थोडं बसतात आणि जातात. त्या दिवसाचं नाव आम्ही दोघांनीही परत काढलं नाही. आज काढते, कारण अप्पा चाललेत आणि नेम मागं राहतोय.

जो नेम माझ्या माणसाची मान राखायला निघाला, त्यानंच त्याच्या हातातला तांब्या परत करवला. अप्पांना तो कशासाठी धरला होता हे ठाऊक होतं, तरी त्या घटकेला त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. माळगे साहेब, तुम्हाला तर ठाऊकच नव्हतं. मग तुम्ही दगडोबाला कुठल्या बांधावर थांबवाल?

म्हणून माझं एक मागणं आहे. मोजणी जो मागेल तो आणि त्याचा बांधाशेजारी, दोघांनी मिळून बांधावर एक घागर ठेवायची. पाणी दोघांचं, म्हणजे कुणी कुणाला फितवलं असं होत नाही. तांब्या एक. पहिल्यांदा साखळीवाला पिणार, मग तुम्ही, मग दोन्हीकडची माणसं. ज्या गावाला हे जमणार नाही, त्या गावात साखळी उघडू नका. मोजणीची नड त्यांना आहे, दगडोबाला नाही.

साहेब मान हलवतायत. मान हलवलेली मागं दिसत नाही, साहेब. चारचौघांत दिलेला शब्द चारचौघांतच परत घ्यावा लागतो. बोला, मी थांबते.

ऐकलं का सगळ्यांनी? साहेब म्हणाले, "घागर ठेवू." आणि मागनं कुणीतरी म्हणालं, "एकच तांब्या व्हय?" तेही मला ऐकू आलं. व्हय, एकच.

अप्पा, तुम्ही खाली बघू नका. बाईनं अप्पांना माफ केलं का, असं लोक विचारतील. मला ते अजून ठरवता आलेलं नाही. मला तुमचा राग आहे. आणि तुमच्याइतका मान ह्यांना सरकारी नोकरीत दुसऱ्या कुणी दिला नाही. दोन्ही गोष्टी माझ्या घरात राहतात. तुम्ही गावी सुखानं राहा. मिरगाच्या आधी येत जा.

आयोजकांचे आभार, आबारावांचे आभार, आणि उठून न जाता ऐकलंत म्हणून तुम्हा सगळ्यांचे आभार. मंगल कार्यक्रमात मी मयताचं बोलले, कुणाच्या गावाला लागेल असं बोलले. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर आपली समजून सोडून द्या.

आता चहा यायला लागलाय. पोरांनो, ते ताट व्यासपीठाकडं आणू नका. पहिला पेला दारात दगडोबाच्या हातात द्या, ह्यातलाच, काचेचा. अप्पा थांबतील. त्यांना तहान सोसायची सवय आहे.