लिंकनशायरच्या बायका

(नेरूळ, १९९६. अब्दुर्रहमान आणि खैरुन्निसा बैठकीच्या खोलीत. सून आफरीन आत.)

खैरुन्निसा : चहा पाजला, शेवया खायला घातल्या आणि उरणच्या गाडीत बसवून दिलं. व्याही हायत, हाकलून थोडंच देणार? पण नमाजेला मी नाय म्हणून सांगितलं.

अब्दुर्रहमान : त्यांनी वाईट काय मागितलं, खैरून? मुलगी त्यांची आहे. रायानचं जहाज बुडून तीन वर्षं झाली. प्रेत मिळालं नसलं तरी जनाज्याची नमाज पढता येते, आपल्या शाफई पंथात चालतं. काझीसाहेब येत्या जुम्म्याला तयार आहेत.

खैरुन्निसा : आणि मग?

अब्दुर्रहमान : मग आफरीन इद्दतीला बसेल, चार महिने दहा दिवस. इद्दत संपली की दुसऱ्या लग्नाला मोकळी. पोरीनं अजून पंचविशीसुद्धा गाठली नाही.

खैरुन्निसा : म्हणजे तिला मोकळी करायला माझ्या रायानला मारायचा.

अब्दुर्रहमान : माझाही तो एकुलता एक होता.

खैरुन्निसा : मग फ्लिंडर्सचं आठवा. रायानचं जहाज इंग्लंडात लिंकनशायरला लागायचं. सुट्टीवर आला की ओट्यावर चढून बसायचा, मी भाकऱ्या थापायची आणि हा त्या जिल्ह्याचं सांगत सुटायचा. समुद्राला बांध घालून काढलेली जमीन, आपल्या खाजणासारखी. नुसती कोबीची शेतं. आणि माणसं निघाली बघा कसली! न्यूटन तिथला. ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढणारा फ्लिंडर्स तिथला. लग्न केलं आणि लगेच गेला, तो नऊ वर्षांनी आला. बायको थांबली होती ना त्याची?

अब्दुर्रहमान : फ्लिंडर्स कैदेत होता. त्याची पत्रं यायची घरी. तो जिता आहे हे तिला ठाऊक होतं.

खैरुन्निसा : बरं, मग फ्रँकलिन? तोपण तिथलाच. जहाज घेऊन उत्तर ध्रुवाकडं गेला आणि बर्फात हरवला, तर बायकोनं एकामागून एक जहाजं धाडली त्याला शोधायला. गावच्या चौकात पुतळा हाय त्याचा, रायान बघून आलाय.

अब्दुर्रहमान : पुढचं सांगितलं त्यानं?

खैरुन्निसा : पुढचं काय?

अब्दुर्रहमान : मीही जहाजावरच होतो, उतरलोय त्या बंदरांत, मलाही सांगितलंय लोकांनी. तिच्या शेवटच्या जहाजाला बर्फात एक कागद सापडला. फ्रँकलिन केव्हाच मेला होता. शोधायला पहिलं जहाज निघालं, त्याच्याही आधी.

खैरुन्निसा : मला नाय सांगितलं हे त्यानं.

अब्दुर्रहमान : तुला रडवणारी गोष्ट त्यानं पुरी सांगितलीय कधी?

खैरुन्निसा : आफरीनचं काय म्हणणं?

अब्दुर्रहमान : ती कुठं काय म्हणते. परवा ईदला रायान येईल म्हणत तू बळेबळे तिच्या हाताला मेंदी लावलीस. सकाळी बेसिनपाशी उभी राहून घासत होती. रंग जाईना, तशी रडायला लागली. मी दारातूनच मागे फिरलो.

खैरुन्निसा : मला वाटायचं, पोर वाट बघतेय त्याची.

अब्दुर्रहमान : तुझ्यापायी थांबलीय ती. तुझा जीव तुटेल म्हणून गप्प आहे.

खैरुन्निसा : तुटलाच हाय तो. आता काय राहिलंय.

अब्दुर्रहमान : खैरून...

खैरुन्निसा : गुसलची आंघोळ नाय, कफन नाय, मूठभर माती नाय. माझ्या लेकराचं तोंडसुद्धा बघितलं नाय मी. असली कसली हो ही नमाज?

अब्दुर्रहमान : मलाही ठाऊक नाही. मीही अशी कधी पढलेलो नाही. मला उभं राहवेल का, तेही सांगता येत नाही.

खैरुन्निसा : उभे राहाल तेव्हा तोंड कुठं करणार?

अब्दुर्रहमान : पश्चिमेला, काब्याकडे. रोजच्यासारखं.

खैरुन्निसा : म्हणजे समुद्राकडेच.

अब्दुर्रहमान : हो.

खैरुन्निसा : मग पढा.