तोंडावर उशी

दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. समोरच्या बाकावर एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्यांच्या गल्लीतली शिवणकाम करणारी आली.

"बाई, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय! निवाऱ्यातल्या एका आजींना घेऊन आलेय. आत तपासतायत."

"अगंबाई! आपल्या हॉलमध्ये बेघरांचा निवारा नको, म्हणून अर्जावर पहिली सही तुमचीच ना?"

"माझीच. काल तक्रार करायलाही गेले. तर तिथले एक गृहस्थ विचारतात, 'आमचा आवाज आला का हो? या आजींना खोकला झालाय, पण शेजाऱ्यांची झोप मोडेल म्हणून तोंडावर उशी दाबून खोकतात.'"

"अरे देवा."

"माझी तक्रार तोंडातच राहिली गं."

"आणि निवाऱ्याचं ठरवायला आज गल्लीची सभा आहे, तिथे?"

"थंडी सरेपर्यंत निवारा राहू दे, असं उभी राहून सांगणार."

"शब्द फिरवला म्हणून लोक हसतील हं."

"हसू देत. चाळीस वर्षं पोरांच्या चुका सुधारल्या, आता एक स्वतःची. तू येशील ना? हात वर करायला माणसं लागतील."

"येते की. सासूबाईंनाही आणते. त्या दोन्ही हात वर करतील."