विहिणीची नथ

— नाही नाही, सारिका, आधी तो मोबाइल पालथा घाल. हां, अस्सा! झाला आंधळा-बहिरा. चहा घे, मी कांदा चिरत बोलते. तुला कळावं म्हणून पुस्तकातलं बोलतेय हं — मधूनच आमचं शिरपूरकडचं आलं तर हसू नको. गाणं? विहिणीला चिडवायचं? ते नाही म्हणणार मी. का म्हणजे? माघात माझ्या कोकिळाचं लग्न झालं, तेव्हा तुझ्यासारखेच एक प्रबंधवाले सर आले होते — तेजस सर. जेवले पोटभर, अन् गाणं घेतलं मोबाइलमध्ये. 'विहीनबाई मिरावस, नाकमा नथ — विचारा तिले, कोनी शे नथ!' बठ्ठ्या — म्हणजे सगळ्या — बाया हसल्या, विहीण ताईबाई तर पोट धरून. मांडव उठला की गाणंही उठतं, अशी आमची रीत. पण सरांनी सगळ्या जगाला दाखवलं, वर लिहिलं काय — विहिणींमधलं वैर! वैर म्हणे! आता होतील डॉक्टर. अन् तिकडे पोरीच्या सासरी, पहूरला, जो तो ताईबाईला विचारतोय — का हो अक्का, नथ कोणाची?

कोणाची असणार? माझी! ऐन लग्नात तिच्या नथीची तार तुटली, रडकुंडीला आली बिचारी, मीच तिला आत नेऊन गुपचूप माझी घातली. म्हणून तर ती हसली ना! दोघींतलं होतं गं ते. आता तिला गावात तोंड दाखवायची चोरी — अन् राग निघाला माझ्या पोरीवर. आखाजी — तुमची अक्षय्य तृतीया — तोंडावर आली, मुराळी पाठवला तिला माहेरी आणायला, तर एकटाच परत आला. फोन करते तर ताईबाई उचलत नाही. तो बघ, निंबाला झोका बांधून ठेवलाय. पहिली आखाजी तिची... मी आपली दिवसभर झोक्याकडे बघते अन् — कांदा बरा असतो बाई, चिरायला घेतला की कोणी विचारत नाही.

हं, पुरे. उचल तो मोबाइल, अन् — काय? चालूच होता? पालथा असून? म्हणजे आंधळा झाला, पण बहिरा नाही? बठ्ठं ऐकलं त्यानं? नथीचं बी? रडनं बी?

...मधलं काढता येतं ना? मग नथीचं काढ, साफ. तुझ्या प्रबंधातही नको. रडलेलं राहू दे. तेवढं धाड ताईबाईले, नंबर मी देते. अन् जाय आते, बस चुकेल तुझी — अगं, कांदा मी चिरतेय, तू कसाले डोळे पुसस?