गाडीच्या आधी लागलेलं डिजिटल

मूळचं आम्ही कोडोलीचंच, पावणं. वडलांची पिठाची गिरणी हुती, ती आता मी चालवतो, म्हंजी तीस वर्सं पांढऱ्या भुवया घेऊनच फिरतोय. आता त्या खऱ्याच पांढऱ्या झाल्या, खरं कुणाला पत्ता लागला न्हाय. गिरणीत बायका दळण डोळ्यांसमोर तोलून घेत्यात, मूठभर पीठ कमी आलं तर चार गल्ल्या ऐकतील असं बोलत्यात. असल्या बायकांस्नी तोंड देऊन निबर झालेला माणूस, मला कोण गंडवणार, असा आपला समज.

तर मोटार घ्यायची ठरली, जन्मातली पयली. आमची सुनीता, म्हंजी मंडळी, म्हणाली, सगळं धरून किती ते लिहून घ्या. मी म्हणलं, शोरूममधला पोरगा लई सज्जन हाय, काका काका करतोय, लिहून मागितलं तर त्याला काय वाटंल?

आता आमच्याकडची रीत कशी, काय बी झालं की चौकात डिजिटल लागतंय, तो मोठा फ्लेक्सचा बोर्ड हो. दोस्तांनी गाडी यायच्या दोन दिवस आधीच लावलं. फोटो मीच दिलता, गॉगल घातलेला. गाडीमालक झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, खाली सतरा शुभेच्छुकांची तोंडं. वर मटणाचं जेवण सांगून बसलेलो. आणि काय सांगू तुम्हाला माझं शानपन, त्या डिजिटलचा फोटो त्या शोरूमच्या पोराला मीच धाडला. बघ म्हणलं, गावात तुझी बी जाहिरात केली.

गाडी आणायला कोल्हापूरला गेलतो, मी, सुनीता, आई आणि पेठ वडगावचं साडू. गाडीवर चादर टाकलेली. साडू मोबाईल धरून तयार, आई नारळ घेऊन. पोरगा आम्हा दोघांनाच काचेच्या केबिनीत घेऊन गेला, कागद फुडं सरकवला. हँडलिंग चार्ज साडेनऊ हजार. ॲक्सेसरीज किट, ते वायलं. इन्शुरन्स त्यांच्याकडचाच, तो म्हाग. सगळं मिळून तीस हजार वाढलेलं. हँडलिंग म्हंजी काय रं? तर म्हणतोय, काका, गोडाऊनमधनं आणली, धुतली, पुसली की. सुनीता म्हणाली, म्हंजी गाडी विकायचं पैसं घेतलं ते घेतलंच, आता हातात द्यायचं बी वायलं? आम्ही दळून दिल्यावर पीठ डब्यात भरायचं पैसं घेतो व्हय रं?

पोरगं हसलं. नका भरू की काकू, मॅनेजरसायेब फुडच्या आठवड्यात येत्यात, त्यांच्याशी बोला, तवर गाडी हितंच ऱ्हाऊ दे. मग माझ्याकडं बघून, लई गोड आवाजात, खरं काका, गावात डिजिटल लागलंय न्हवं?

सुनीता कानात म्हणाली, उठा. बोर्ड काढू, मटण खाऊ, सांगू रंग पसंत पडला न्हाय. उठायचंच हुतं मला. काचेतनं साडू दिसत हुता, मोबाईल माझ्यावरच धरलेला. ढुंगण खुर्चीला चिकटल्यागत झालं. शेवटी सुनीतानं पर्स उघडली. दुधाच्या बिलातनं साठवलेलं, म्हशीच्या गोठ्यावर पत्रा घालायचं पैसं. माझ्याकडं न बघता मोजलं. व्हिडिओत पुठ्ठ्याची हातभर किल्ली धरून मी हसतोय, ती न्हाय हसत.

तेवढ्यावर निभलं असतं. जेवायच्या पंगतीत साडूनं इचारलं, हँडलिंग-बिंडलिंग लावलं काय हो? आणि माझ्या तोंडातनं गेलं, छ्या, आपल्याला कोण लावतंय, एक शब्द टाकला, सगळं माफ. सुनीता रश्श्याची बादली घेऊन तिथंच हुबी. माझ्या ताटाला वगळून फुडं गेली.

आता साडूनं बी तिथंच गाडी बुक केलीया. उद्या मिळणार. सकाळी साडूचा फोन आला, म्हणतोय, शोरूमवाल्यांनी कागदावर हँडलिंग लावलंय, मी त्यांस्नी म्हणलं थांबा, उद्या आमच्या साडूस्नीच घेऊन येतो, त्यांचं माफ केलंसा, माझं कसं करत न्हाईसा बघू. तुम्ही या, जाताना एसटीनं जाऊ, येताना माझ्या नव्या गाडीतनं. मी साडूला म्हणलं, मला गिरणी हाय. सुनीतानं फोन हातातनं घेतला, म्हणाली, येत्यात की, एक शब्द टाकतील. आणि माझी बरी पँट इस्त्रीला काढली. पावसाळा तोंडावर आलाय, गोठ्यावर अजून ताडपत्रीच हाय.

साडूची गाडी सुखरूप घरला यावी, त्याच्या पोराबाळांनी त्यात फिरावं, एवढंच मागणं हाय. माझं काय, मी येईन आपला एसटीनं.